जुनी जीप चढावर आचके का देते?

बदनापूर परिसरातल्या शेतांत आणि वस्त्यांवर जुन्या डिझेल जीपा आजही कामात आहेत. मोसंबीचे क्रेट बागेतून रस्त्यापर्यंत आणायला, पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेनं शेत गाठायला आणि लग्नसराईत पाहुणे पोचवायला त्यांच्याइतकी खात्रीची गाडी नाही. त्यांच्या मालकांच्या तोंडी मात्र एक तक्रार हमखास असते. जालन्याच्या सपाट रस्त्यावर गाडी तासभर सुरळीत पळते. सोमठाण्याच्या रेणुकादेवीकडे निघालं, गाडी भरलेली असली आणि चढ लागला, की तीच गाडी आचके देऊ लागते. एक्सिलरेटर दाबला की दम टाकते, सोडला की सावरते आणि शेवटी बंद पडते. दहा मिनिटं थांबून पुन्हा सेल मारला, की काही घडलंच नाही अशी चालू लागते.

मग तो बिघाड दहा मिनिटांत गेला कुठे? आणि गेला असेल तर पुढच्या चढावर परत कसा आला?

गॅरेजमध्ये यावर पुष्कळदा एकच उत्तर मिळतं, ‘पंप खोलावा लागंल, भाऊ.’ डिझेल गाडीत पंप आणि नोझल हे सर्वांत खर्चिक भाग. बिघाड तिथे असूही शकतो. पण तो तिथेच आहे हे ठरवण्याआधी गाडी नेमकी कधी अडखळते हे नीट पाहिलं, तर बहुतेक वेळा गाडी स्वतःच दोषाची जागा दाखवते. त्यासाठी इंजिनपर्यंत डिझेल कसं पोचतं एवढं समजलं तरी पुरे.

ठिणगीशिवाय चालणारं इंजिन

आपल्याकडे जीपा तयार होऊ लागल्या त्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. महिंद्रा कंपनीनं मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपा पेट्रोलच्या होत्या. पुढे डिझेल इंजिनं आली. एमएम ५४० या गाजलेल्या मॉडेलमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. कमांडर, मेजर आणि सन २००० मध्ये आलेली बोलेरो ही त्याच घराण्यातली पुढची नावं.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीनं इंधन पेटतं. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये फक्त हवा घेतली जाते आणि पिस्टन ती दाबून मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शात कोंबतो. एवढी दाबलेली हवा कित्येकशे अंश सेल्सियसपर्यंत तापते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत सोडला, की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ साली याच तत्त्वावर चालणारं इंजिन यशस्वी करून दाखवलं.

म्हणजे जुन्या डिझेल इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: भरपूर हवा, ती घट्ट दाबली जाणं आणि अचूक मापात, अचूक वेळी आलेलं डिझेल. पहिल्या दोन गोष्टी सहसा हळूहळू बिघडतात. त्यामुळे गाडीची ताकद महिन्यामहिन्यानं कमी होत जाते. अचानक येणारे आणि अचानक जाणारे आचके बहुधा तिसऱ्या गोष्टीतून येतात.

ते माप किती बारीक असतं याचा हिशेब करून पाहू. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे चारही सिलिंडर मिळून मिनिटाला ४००० स्फोट. गाडी तासाला पाच लिटर डिझेल पीत असेल, तर एका स्फोटाच्या वाट्याला साधारण ०.०२ मिलिलिटर येतं. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात असे अडीचशे डोस बसतात. इतक्या लहान डोसात हवेचा छोटा बुडबुडा शिरला, तरी तो डोस वाया जातो.

टाकीपासून नोझलपर्यंतचा प्रवास

डिझेलच्या वाटेचे दोन भाग पडतात. पहिला भाग कमी दाबाचा. टाकीच्या तळाशी बुडालेल्या नळीच्या टोकाला जाळी असते. तिथून पाइपमधून फीड पंप डिझेल ओढतो. हा पंप इंजिनच्या बाजूला बसवलेला असतो आणि त्याला हातानं दाबायची कळही असते. फीड पंप डिझेल फिल्टरमधून पुढे ढकलतो.

दुसरा भाग जास्त दाबाचा. फिल्टरमधून आलेलं डिझेल मुख्य पंपात जातं. जुने मिस्त्री त्याला आजही ‘मायको पंप’ म्हणतात. बंगळूरच्या ज्या मायको कंपनीचे हे पंप असत, ती १९५१ साली स्थापन झाली आणि २००८ पासून ती बॉश या नावानं ओळखली जाते. हा पंप प्रत्येक सिलिंडरसाठी डोस मोजतो आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबानं पोलादी नळीतून नोझलकडे पाठवतो. उरलेलं डिझेल परतीच्या नळीनं टाकीत जातं.

द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून पंपानं एका टोकाला दिलेला दाब नोझलपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि नोझल उघडतं. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा असेल, तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. एक सिलिंडर गप्प राहतो, पुढचा पेटतो, त्याच्या पुढचा अर्धाच पेटतो. गाडीत बसलेल्याला जाणवतात ते हेच आचके.

पंपात गव्हर्नर नावाची व्यवस्थाही असते. इंजिनाचे फेरे कमी झाले की ती डोस वाढवते. बुडबुडा निघून जाताच हा वाढवलेला डोस एकदम पोचतो आणि गाडी उसळी घेते. फेरे वाढले की डोस पुन्हा कमी होतो. ‘गाडी हंटिंग करते’ असं मिस्त्री म्हणतात, त्या वर-खाली होणाऱ्या आवाजामागे हाही खेळ असू शकतो.

हवा आत शिरते, पण डिझेल गळत नाही

हवा आत शिरते तरी कुठून? मालक गाडीखाली डोकावतो, कुठेही ओल दिसत नाही आणि पाइप ठीक आहे असं ठरवतो. इथेच फसगत होते.

विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप ज्यानं चालवला आहे, त्याला हे लगेच कळेल. पंप पाणी वर ओढतो तेव्हा सक्शन पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्या पाइपाला बारीक भोक असेल, तर तिथून पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवाच आत जाते. पंप हवा धरतो आणि पाणी तुटतं. फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंपात पुन्हा पाणी भरावं लागतं. जीपमध्ये टाकी ते फीड पंप हा भाग म्हणजे असाच सक्शन पाइप. उन्हानं कडक झालेली रबरी नळी, ढिला पडलेला क्लिप, पुन्हा पुन्हा वापरून चपटा झालेला तांब्याचा वायसर, यांपैकी कुठूनही हवा आत जाते आणि जमिनीवर डिझेलचा थेंबही पडत नाही.

म्हणूनच रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी फार वेळ सेल मारल्यावर सुरू होते, सुरुवातीला आचके देते आणि मग सुरळीत चालते, तेव्हा पहिला संशय या भागावर घ्यावा. रात्री डिझेल टाकीकडे उतरलेलं असतं आणि त्याची जागा हवेनं घेतलेली असते. याउलट फीड पंपाच्या पुढच्या भागात डिझेल ढकललं जात असतं. तिथली गळती ओल सोडते आणि डोळ्यांना दिसते. काही गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो, मुख्य पंपच डिझेल ओढतो. अशा गाड्यांत फिल्टरही ओढीच्या बाजूला येतो, म्हणून त्याचे जोडही तपासावे लागतात.

तपास सोपा आहे. फीड पंपाच्या आधी डिझेलला चालणारी वीतभर पारदर्शक नळी जोडायची आणि गाडी सुरू करून पाहायची. बुडबुडे वाहताना दिसले की टाकीकडे सरकत एकेक जोड तपासायचा. नळी आणि वायसर नवे बसवल्यावर फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा. फेस थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. यालाच ‘एअर काढणं’ म्हणतात. दर आठवड्याला एअर काढावी लागत असेल, तर हवा शिरण्याची जागा अजून सापडलेली नाही असा त्याचा अर्थ.

चढावरच का, आणि थांबल्यावर बरी का?

रिकामी जीप आयडलिंगवर उभी असते तेव्हा तिला तासाला लिटरभर डिझेलही लागत नाही. भरलेली जीप चढ चढते तेव्हा ही गरज कित्येक पट वाढते. वाट थोडी तुंबलेली असेल, तर सपाटीवरची गरज भागते, चढावरची भागत नाही. फिल्टरच्या भांड्यात साठलेल्या डिझेलवर थोडा वेळ निभावतं. ते संपलं की आचके सुरू होतात. म्हणून बिघाड चढाच्या पायथ्याशी न दिसता थोडं वर गेल्यावर दिसतो.

तुंबण्याच्या जागा मुख्यतः तीन. पहिली फिल्टर. तो वेळेवर बदलला नसेल तर इतर काही तपासण्याआधी तोच बदलावा. पण तुंबलेला फिल्टर दहा मिनिटांत मोकळा होत नाही. थांबल्यावर गाडी बरी होत असेल, तर उरलेल्या दोन जागा पाहायला हव्यात.

दुसरी जागा टाकीतली जाळी. जुन्या पत्र्याच्या टाकीत गंजाचे पापुद्रे आणि गाळ असतो. शेतावर कॅनमधून डिझेल भरताना मातीही आत जाते. ओढ वाढली की हा कचरा जाळीला चिकटतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, कचरा सुटून तळाशी बसतो आणि वाट मोकळी होते. पुढच्या चढावर तेच पुन्हा घडतं.

तिसरी जागा टाकीच्या हवेची वाट. जितकं डिझेल टाकीतून जाईल, तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र किंवा टाकीला वेगळी नळी असते. चिखलानं किंवा धुळीनं ते बंद झालं, तर टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. गाडी थांबली की फटीफटींतून हवा हळूहळू आत येते आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

दोन्हींची लक्षणं सारखीच, तरी त्यांच्यातला फरक ओळखायला पैसाही लागत नाही. गाडी दम टाकू लागली की सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी त्याच क्षणी नीट चालू लागली, तर दोष हवेच्या वाटेत आहे. छिद्र साफ केलं की काम झालं. झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर टाकी उतरवून धुवावी आणि जाळी साफ करावी.

डिझेलमधलं पाणी

अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन जमते आणि तळाशी उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यानं ते खालीच राहतं. वळणावर किंवा खड्ड्यात टाकी हलली की ते जाळीपाशी येतं आणि इंजिनाला अचानक हिसका बसतो. टाकी पाव भरलेली असताना त्रास जास्त आणि पूर्ण भरलेली असताना कमी होत असेल, तर पाणी, गाळ किंवा टाकीतल्या नळीला वरच्या बाजूला पडलेली चीर यांवर संशय घ्यावा.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि अर्धा तास स्थिर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. याकडे दुर्लक्ष करू नये. मुख्य पंपातल्या पोलादी भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाण्यानं ते गंजतात आणि घासले जातात. स्वस्तातला दोष पुढे महाग होतो तो असा.

वाट मध्यावर तोडून पाहा

इतकं करूनही उत्तर मिळालं नाही, तर अनुभवी मिस्त्री एक चाचणी करतात. टाकीची नळी सोडून ते पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधून फीड पंपाला डिझेल देतात. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडतात. कॅन इंजिनपासून आणि गरम सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधलेला असतो. मग उभ्या गाडीत रेस देऊन पाहतात.

आचके गेले, तर दोष टाकी, जाळी किंवा पाइपात. पंपाला हात लावायचं कारण नाही. आचके तसेच राहिले, तर दोष फीड पंपापासून पुढे. एका चाचणीनं अर्धी वाट संशयातून सुटते. चढावरच येणारा दोष उभ्या गाडीत दिसेलच असं नाही. त्यामुळे आधी टाकीवर आणि मग कॅनवर, दोन्ही वेळा सारखीच रेस देऊन तुलना करावी.

या कामाच्या वेळी विडी, सिगारेट, काडेपेटी लांब ठेवावी. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं. पण भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ती मर्यादा, किमान ३५ अंश सेल्सियस आहे. मराठवाड्याचा उन्हाळा ती सहज ओलांडतो.

चारपैकी कोणता सिलिंडर?

पुरवठा ठीक आहे आणि गाडी आयडलिंगवरही एकसारखी थरथरते, ‘मिसिंग’ मारते, असं असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित ढिला करतो. चालणाऱ्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिनाचा आवाज बिघडतो. ज्याचं तोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो दोषी. मग त्याचं नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला बसवायचं. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. मूळ जागीच राहिला, तर व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा पंपाचा त्या सिलिंडरचा भाग तपासायचा.

हे काम जाणकारानंच करावं. त्या नळीतली बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसू शकते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं. आणि नव्या कॉमन रेल गाड्यांत हा नट कधीही ढिला करू नये. तिथला दाब जुन्या पंपाच्या कैक पट असतो.

धूर आणि इतर खुणा

धुराचा रंगही माहिती देतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. धुळीनं भरलेला एअर क्लीनर किंवा थेंब सोडणारं नोझल हे त्याचं नेहमीचं कारण. एअर क्लीनर तुंबला तर गाडी मंदावते, पण सहसा हिसके देत नाही. डिझेलचा उग्र वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

डिझेल कमी पडल्यानं येणाऱ्या आचक्यांत मात्र धूर वाढत नाही, बहुधा कमीच होतो. पंप खोलण्याआधी एवढं जरी पाहिलं, तरी पुष्कळदा संशयाची दिशा बदलते.

कधी दोष इंजिनात नसतोच. फक्त खड्ड्यावर हिसका बसत असेल, तर ज्या गाड्यांच्या पंपावर इंजिन बंद करणारा विजेचा सोलेनॉइड आहे, त्याची वायर ढिली आहे का ते पाहावं. वायर क्षणभर सुटली की डिझेल क्षणभर तुटतं. गाडी उचलताना धक्का बसतो पण इंजिनाचा आवाज बदलत नाही, तेव्हा क्लच, इंजिनचे माउंटिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत.

पेट्रोलची जिप्सी असेल तर

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीच्या जुन्या गाड्या कार्ब्युरेटरच्या आहेत. तिथे ठिणगीचाही विचार करावा लागतो. इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम तुटलं आणि एकदम जोडलं गेलं, तर कॉइल, वायर, प्लग अशा विजेच्या बाजूनं सुरुवात करावी. हळूहळू दम जात गेला तर इंधनाच्या बाजूनं. भर उन्हात थांबून निघाल्यावर अडखळत असेल, तर पाइपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी सावरली, तर तो संशय खरा.

चौकट: कधी अडखळते? आधी कुठे पाहायचं?

• सकाळी पहिल्या सेलनंतर: टाकी ते फीड पंप पाइप, वायसर, क्लिप
• भार आणि चढावर, थांबल्यावर बरी: झाकणाचं छिद्र, टाकीतली जाळी
• भार आणि चढावर, थांबूनही तशीच: डिझेल फिल्टर, मग फीड पंप
• टाकी पाव असताना: पाणी, गाळ, टाकीतली नळी
• फक्त खड्ड्यावर: सोलेनॉइडची वायर, बॅटरीचे जोड, टाकीतलं पाणी
• आयडलिंगवरही सतत: नोझल, कॉम्प्रेशन
• काळ्या धुरासह मंद: एअर क्लीनर, नोझल

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी

‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर मिस्त्रीला अंदाजानं सुटे भाग बदलण्यावाचून पर्याय उरत नाही. त्याऐवजी चार गोष्टी लिहून न्या: आचके कधी येतात, टाकीत डिझेल किती असतं, धुराचा रंग कोणता आणि थांबल्यावर काय होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी त्याच वाटेनं, तेवढ्याच भारानं चालवून पाहा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी दुरुस्त होईलही, पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी तेवढाच खर्च पुन्हा होईल.

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि टाकीकडून नोझलकडे असावा. फिल्टर वेळेवर बदला, त्याच्या तळाचं पाणी काढत राहा, डिझेल गाळूनच भरा आणि गाडी अनेक दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. एवढी काळजी घेतली तर पंप खोलायची वेळ फार उशिरा येते.